२५ एक्स भारी की १२५ एक्स? आधी भिंतीवर पेपर चिकटवा

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की शाळेतनं रिटायर झालात, रोज सकाळी रंकाळ्यावर फिरायला जाता, तिथले पक्षी टिपायचेत, गच्चीवरनं चंद्र बघायचाय, डिसेंबरात नातीचं गॅदरिंग शूट करायचंय, फोटो आणि व्हिडिओ दोन्ही, आणि हे सगळं एकाच कॅमेऱ्यात, लेन्स बदलायची कटकट नको. दुकानदार म्हणतो निकॉनचा ८३ एक्स कशाला, १२५ एक्स घ्या. जावई म्हणतात सोनीचा २५ एक्सवाला दोघांपेक्षा भारी. आणि तुम्ही म्हणता २५ मोठा की १२५, हे काय गौडबंगाल आहे.

मी अठरा वर्षं लग्नं शूट केली आणि त्यातली बरीच वर्षं सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांच्या मागे हिंडलो, त्यामुळे या दोन्ही बाजूंनी माझे हात पोळलेत. दुकानदार आणि जावई दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त दोघं वेगवेगळ्या प्रश्नाचं उत्तर देताहेत.

आधी एक्स. एक्स म्हणजे निव्वळ भागाकार. निकॉनचा पी१००० हा २४ ते ३००० मिमी जातो (मिमी म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ, आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), ३००० भागिले २४, झाले १२५. पी९५० २४ ते २०००, म्हणजे ८३. सोनी आरएक्स१० मार्क ४ हा २४ ते ६००, म्हणजे २५. कॅननचा एसएक्स७० तर २१ पासून सुरू होऊन १३६५ पर्यंत जातो आणि त्याचे होतात ६५. म्हणजे एक्सवरून फोटो कसा येणार ते कळत नाहीच, पण किती लांबचं दिसणार तेही धड कळत नाही. त्यापेक्षा मिमीचा शेवटचा आकडा बघा आणि एवढं लक्षात ठेवा: शंभर मीटरवर ६०० मिमीला साधारण सहा मीटर रुंदीचं दृश्य फ्रेममध्ये बसतं, २००० ला पावणेदोन मीटर आणि ३००० ला सव्वा मीटरच्या आत. आता रंकाळ्यात एक वारकरी पोहतोय असं धरा, तो काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी, लांबी एक-सव्वा फूट. सोनीत तो फ्रेमच्या पंधराव्या भागाएवढा दिसेल, पी९५० मध्ये जवळजवळ पाव फ्रेम भरेल. इथवर दुकानदार जिंकला.

आता जावयांची बाजू. या निकॉन आणि कॅननमध्ये सेन्सर, म्हणजे फोटो ज्याच्यावर उमटतो तो तुकडा, असतो १/२.३ इंची, प्रत्यक्षात सहा बाय साडेचार मिमी, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. सोनीत एक इंची म्हणतात तो, म्हणजे १३.२ बाय ८.८ मिमी. क्षेत्रफळ चौपट. त्यात सोनीचं अ‍ॅपर्चर फुल झूमलाही एफ ४ राहतं, पी९५० चं एफ ६.५ होतं आणि पी१००० चं एफ ८; एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त. अंधाऱ्या हॉलमध्ये हा फरक फार मोठा आहे, त्यावर पुढे येतो.

पण एक गणित आहे जे दुकानात कुणी करत नाही, आणि मी पहिल्यांदा केलं तेव्हा मलाच खरं वाटेना म्हणून दोनदा ताडून बघितलं. लेन्सच्या तोंडाशी बारीक अक्षरात खरी फोकल लेंग्थ लिहिलेली असते, ती ३००० वगैरे जाहिरातीतली, मोठ्या सेन्सरच्या हिशेबानं काढलेली, नाही. पी१००० वर ४.३ ते ५३९ मिमी. ५३९ भागिले ८, आलं ६७ मिमी, हे झालं फुल झूमला लेन्सचं खरं भोक. पी९५० चं ३५७ भागिले ६.५, आलं ५५ मिमी. सोनीचं २२० भागिले ४, तेही ५५! म्हणजे पलीकडच्या काठावर बसलेल्या त्याच खंड्याकडून येणारा प्रकाश पी९५० आणि सोनी जवळजवळ सारखाच गोळा करतात. सोनी तो थोड्या पिक्सेलवर ठेवतो, निकॉन जास्त पिक्सेलवर पसरतो, एवढाच फरक. त्यामुळे लांबचा आणि स्थिर बसलेला पक्षी असेल तर सोनीत काही जादू नाही, २००० मिमीएवढं क्रॉप केलंत तर त्याच्या २० मेगापिक्सेलमधले जेमतेम पावणेदोन उरतात. मोबाईलवर बघायला चालतील, ए फोर प्रिंट काढून भिंतीवर लावायला नाही.

आणि उलट बाजूनं पी१००० ची गंमत बघा. एफ ८ ला प्रकाशाचा एक ठिपका सेन्सरवर पसरून साधारण ०.०१ मिमीचा होतो, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, काच कितीही भारी लावा. त्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आहे ०.००१३ मिमी. म्हणजे एक ठिपका सात-आठ पिक्सेलवर सांडतो. म्हणून फुल झूमला कागदावर १६ मेगापिक्सेल असले तरी डिटेल तेवढं नसतं, आणि कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठं करून बघितलं की सगळं वॉटरकलरमध्ये काढल्यासारखं दिसतं. लोक मग म्हणतात कॅमेरा डिफेक्टिव्ह निघाला. डिफेक्टिव्ह नसतो हो, तो तसाच असतो. डब्यावर पी९५० ला १६६ एक्स आणि पी१००० ला २५० एक्स असंही लिहिलेलं सापडेल, ते डायनॅमिक फाइन झूम म्हणजे शुद्ध मराठीत डिजिटल क्रॉप, तो आकडा वाचूच नका.

हवेचं कुणीच सांगत नाही, म्हणून माझी फजिती सांगतो. नवीन नवीन सुपरझूम घेतला होता, भिगवणला गेलो, उजनीच्या पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा होता, होडीतनं तीनशे-चारशे मीटर लांब असेल. मी काय केलं, झूम पार शेवटपर्यंत ओढला आणि सकाळी दहा ते बारा त्याच झूमवर चारेकशे फोटो हाणले. छोट्या स्क्रीनवर काय दिसत होते म्हणून सांगू! घरी येऊन टीव्हीला लावले तर एक धड शार्प नाही, पाय वाकडे, मान लाटेसारखी, तापलेल्या तव्यावरची हवा थरथरते ना तशी सगळ्यांच्या अंगावर थरथर. शटर स्पीड बरोबर, फोकस बरोबर, स्टॅबिलायझर चालू, तरीही. पाण्यावरची तापलेली हवाच मधे होती, तिला कुठला स्टॅबिलायझर धरणार. माझ्याबरोबरच्या मित्राकडे साधी ४०० मिमीची लेन्स होती, तो नाववाल्याला म्हणाला बांबूनं रेटत हळू पुढे घ्या, आणि चाळीस-पन्नास मीटरवरनं त्यानं काढलेले दोन फोटो आजही त्याच्या हॉलमध्ये लटकताहेत. तेव्हापासून मी फुल झूम फक्त सकाळी नऊच्या आत, पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ हवेत, नाहीतर चंद्रासाठी वापरतो. तुम्ही सकाळी जाता ते बरंय, पण सकाळचा दुसरा लोचा म्हणजे प्रकाश.

त्याचाही हिशेब सांगतो, तोंडपाठ करायला सोपा आहे. कडक उन्हात एफ १६ ला शटर उघडं राहण्याचा वेळ म्हणजे आयएसओच्या उलट (आयएसओ म्हणजे सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ठेवलाय तो आकडा), आयएसओ १०० तर १/१००. एफ ८ ला तेच १/४०० होतं. म्हणजे पी१००० फुल झूमला, भर उन्हात, आयएसओ १०० वर १/४०० देतो. बसलेल्या बगळ्याला पुरे, उडणाऱ्या घारीला निदान १/१६०० हवं, मग आयएसओ ४०० झाला. सकाळी साडेसहा-सातला ऊन नाही, प्रकाश आठपट-सोळापट कमी, की आयएसओ ३२०० ते ६४००, आणि नखाएवढ्या सेन्सरवर एवढ्यात चित्राचं पिठलं होतं. मी स्वतः १/२.३ सेन्सरवर ८०० च्या वर जायला बिचकतो. सोनी त्याच उन्हात एफ ४ वर आयएसओ १०० ला १/१६०० देतो, शिवाय त्याच्या ऑटोफोकसमध्ये फेज डिटेक्शन आहे, म्हणजे फोकस कुठल्या बाजूला न्यायचा ते त्याला थेट कळतं, तर पी९५० आणि पी१००० कॉन्ट्रास्टवर फोकस शोधतात, मागे-पुढे चाचपडत. त्यामुळे उडते पक्षी हाच तुमचा नाद असेल तर निकॉनच्या या दोघांचा विचार सोडा. बसलेले, पोहणारे, फांदीवर पिसं साफ करणारे असतील तर चाचपडायला वेळ असतो.

आता मुख्य गोष्ट, कॅमेरा तपासायचा कसा. दुकानातल्या काउंटरवरून समोरच्या बोर्डावर झूम करून 'वा' म्हणण्यात काही अर्थ नाही, तिथे सगळेच वा दिसतात. मी काय करतो सांगतो. घरून कालचा पेपर घेऊन जातो, छोट्या जाहिरातींचं पान, अक्षर जितकं बारीक तितकं बरं. दुकानाच्या बाहेर, उजेडातल्या भिंतीवर ते पान चारही कोपऱ्यांना टेप लावून सपाट चिकटवायचं, मधे फुगा नको. तिथनं अठ्ठावीस-तीस पावलं मागे यायचं, म्हणजे वीसेक मीटर. २००० मिमीला पेपरच्या पानाची रुंदी जवळजवळ अख्खी फ्रेम भरते. ३००० वाल्याला थोडं अजून मागे जा. कॅमेरा कशावर तरी टेकवायचा, दोन सेकंदाचा टायमर लावायचा आणि काढायचा. मग स्क्रीनवर मोठं करून चारही कोपऱ्यांतल्या जाहिराती वाचायच्या. मधलं अक्षर कोपऱ्यापेक्षा थोडं बरं असणारच, पण 'भाड्याने देणे' डावीकडे स्वच्छ वाचता येतंय आणि उजवीकडे अक्षरांना शेपट्या फुटल्यात, असं दिसलं तर त्या लेन्समधली एखादी काच तिरकी बसलीय, सरळ दुसरा पीस मागायचा. इतक्या झूमच्या लेन्समध्ये काचा खूप असतात, हे होतं, लाजायचं नाही.

मग त्याच पानावर हातात धरून दहा फोटो, प्रत्येक वेळी बोट पूर्ण उचलून परत अर्धं दाबून फोकस करून. दहातले किती वाचता येतात ते मोजा. माझा नियम असा की सहाच्या खाली आले तर एकतर माझे हात किंवा कॅमेऱ्याचा फोकस, आणि मग टेकवून परत दहा काढले की दोघांतला चोर सापडतो. मग झूम अर्ध्यावर आणून तेच. बरेचदा असं निघतं की १२०० ला काढून क्रॉप केलेली जाहिरात ३००० ला काढलेल्या जाहिरातीइतकीच वाचता येते, तेवढं कळलं तरी दुकानदाराच्या १२५ चा रंग उतरतो. शेवटी जवळच्या स्कूटरच्या आरशावर फोकस करायचा आणि लगेच लांबच्या टाकीवर, मनात एक हजार एक, एक हजार दोन मोजत. तीन-चारच्या पुढे गेलं की समजायचं तेवढ्यात खंड्या मासा धरून गेलेला असणार.

हो, आणि व्ह्यूफाइंडर डोळ्याला लावून बघा, स्क्रीनवर नाही. कॅमेरा कपाळाला टेकला की थरथर निम्मी होते. पी९५० च्या आधीचा जो पी९००, त्याचा व्ह्यूफाइंडर जरा भरड होता, नऊ लाख ठिपक्यांचा, पी९५० आणि पी१००० ला तेवीस लाखांवर नेलाय, चष्म्यातनं फरक जाणवतो. फुल झूमला पक्षी फ्रेममधनं निसटला की परत सापडत नाही, पार डोकं फिरतं, त्यासाठी निकॉनच्या लेन्सच्या बाजूला एक बटण असतं, दाबून धरलं की झूम तात्पुरता मागे येतो, पक्षी सापडला की सोडायचं. कॅननलाही अशी सोय आहे. हे बटण बोटाला न बघता सापडतं का ते दुकानातच बघून घ्या.

व्हिडिओबद्दल. फोर के सगळीकडे लिहिलेलं असतं, त्यानं भुलू नका. पहिलं म्हणजे झूमच्या मोटरचा आवाज. शांत खोलीत रेकॉर्डिंग चालू करून झूम आत-बाहेर करा आणि नंतर हेडफोन लावून ऐका, काही कॅमेऱ्यांत पिठाची गिरणी ऐकू येते. दुसरं, लांब झूमला हातात धरून व्हिडिओ होत नाही, होतच नाही, कंपनीचा स्टॅबिलायझर पाच स्टॉपचा असू दे नाहीतर काहीही. फोटोत १/५०० सेकंद हात स्थिर राहिला तर चालतं, व्हिडिओत दहा सेकंद राहावा लागतो. ट्रायपॉडला फ्लुइड हेड, म्हणजे हिसका न देता वळणारं डोकं, हवंच, ते परवडत नसेल तर उशीच्या खोळीत दोन किलो हरभरे भरा, तोंड शिवून टाका आणि रंकाळ्याच्या कठड्यावर ठेवून त्यावर कॅमेरा रुतवा, जंगलात जीपवाले हेच वापरतात. तिसरं, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून मेनूत फ्रेम रेट २५ किंवा ५० वर आणा आणि शटर १/५० किंवा १/१००, नाहीतर ३० फ्रेमवर ट्यूबलाइटखाली अख्ख्या व्हिडिओवर पट्टे सरकत राहतात. माझ्या एका लग्नाच्या शूटमध्ये मुहूर्ताच्या वेळेलाच असे पट्टे आले होते, चूक माझीच होती, त्या घरात मला अजून चहा मिळत नाही. म्हणून घेण्याआधी बघा की व्हिडिओत शटर हातानं ठरवता येतं का.

आता नातीचं गॅदरिंग. शाळेचा हॉल, तुम्ही वीस मीटरवर बसलात, मुलगी स्टेजवर नखशिखान्त हवी, तर लागतात फक्त ३०० ते ३५० मिमी. तीन हजार तिथे लोणच्याला पण नकोत. तिथे लागतो प्रकाश, आणि इथे जावई शंभर टक्के बरोबर आहेत. एक इंची सेन्सरवाला कुठलाही चालेल, पॅनासोनिकचा एफझेड१००० मार्क २ हा ४०० मिमीपर्यंतच जातो पण याच कामासाठी उत्तम. पॅनासोनिकचाच जुना एफझेड३०० लहान सेन्सरचा असूनही ६०० मिमीपर्यंत एफ २.८ टिकवतो आणि पावसाच्या चार थेंबांना घाबरत नाही, वापरलेला चांगला मिळाला तर हा छुपा रुस्तम आहे. आवाजाचं मात्र कुठल्याच कॅमेऱ्यावर सोडू नका, वीस मीटरवरून तुमच्या मागच्या रांगेतले वेफर्स स्पष्ट येतात आणि नात नाही. फोन रेकॉर्डिंगला लावून स्टेजजवळच्या स्पीकरपाशी ठेवायचा, सुरुवातीला एक टाळी वाजवायची, नंतर दोन्ही जुळवायचं. पी९०० ला बाहेरचा माइक लावायची सोय नव्हती, पी९५० आणि पी१००० ला आहे. आणि एका वेळी अर्ध्या तासाच्या आत रेकॉर्डिंग थांबतं, अशा कॅमेऱ्यांत ही अट सर्रास असते, तेव्हा नातीच्या नाचाच्या आधी एकदा बंद करून परत चालू करा.

बाकी किरकोळ. पी१००० ची बॅटरी कंपनीच्याच हिशेबानं अडीचशे फोटोंची, व्हिडिओ घेतलात की त्याहून लवकर गळते, दुसरी बॅटरी पहिल्याच दिवशी घ्या. कार्डावर व्ही३० लिहिलेलं असावं, ती व्हिडिओला पुरेल अशा वेगाची खूण. सोनीच्या फोर केला तासाला ४५ जीबी लागतात, म्हणून ६४ च्या खाली नको. पांढऱ्या बगळ्यासाठी एक्स्पोजर मायनस ०.७ करून ठेवा, नाहीतर पिसांच्या जागी खडू दिसतो. सूर्यावर फुल झूम कधीच नाही. आणि कोल्हापूरचा पाऊस लक्षात घेता फंगस: यांची लेन्स निघत नाही, आत बुरशी धरली की घरी काहीच करता येत नाही. एक जुना कॅमेरा मी एक पावसाळा कपाटात चामड्याच्या केसमध्ये ठेवला आणि नंतर दुरुस्तीवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून तो तिथेच सोडून आलो. हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि आठवड्यातनं एकदा बाहेर काढून झूम चालवायचा. सेकंडहँड घेताना मोबाईलचा टॉर्च लेन्सवर तिरका मारून आत कोळिष्टकासारखं काही दिसतं का बघा.

चंद्राचं राहिलं. ३००० मिमीला तो अख्खा फ्रेममध्ये मावत नाही, वर-खाली कापला जातो, २००० ला छान बसतो. पौर्णिमेला सपाट थाळी दिसते, सप्तमी-अष्टमीला काढा, सावलीच्या रेषेवर खड्डे उठून दिसतात. शनीचं कडं दोन्हीत कळतं, नातीला दाखवा, ती वर्षभर नाव काढेल.

तर काय घ्यायचं. तुमच्या जागी मी असतो तर पी९५० घेतला असता. पी१००० चौदाशे ग्रॅमवर जातो, पी९५० एक किलोचा, रोज गळ्यात अडकवून रंकाळ्याला चक्कर मारायची तर ते चारशे ग्रॅम तिसऱ्या दिवशी घरी राहतात आणि त्यांच्याबरोबर कॅमेराही. शेवटच्या एक हजार मिमीतलं बरंच हवा आणि एफ ८ खाऊन टाकतात. २०२५ मध्ये पी११०० आलाय, पण तो झूमच्या बाबतीत पी१००० च आहे, चार्जिंगला यूएसबी सी दिलंय इतकंच सांगण्यासारखं. पी९०० स्वस्तात मिळाला तर रॉ फोटो, म्हणजे नंतर कॉम्प्युटरवर नीट सुधारता येणारी कच्ची फाइल, मिळत नाहीत हे धरून घ्या. सोनी नवा घ्यायचा तर लाखाच्या वर, आणि तुमचे नव्वद टक्के फोटो लांब बसलेल्या पक्ष्यांचे असणार असतील तर त्या पैशांचं तिथे चीज होत नाही. गॅदरिंग वर्षातनं एकदा, त्या दिवसापुरता एक इंचीवाला भाड्यानं आणा किंवा सरळ पुढच्या रांगेत बसून फोननं काढा, आजोबा म्हटल्यावर जागा देतात.

पेपरची टेस्ट केलीत की फोटो मला पाठवा, बघून सांगतो. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपनं केलेला चिखल मी उगाच त्या कॅमेऱ्याच्या नावावर लिहीन.